जमत नाही, की करू दिलं नाही?

(बडोद्यातल्या मराठी पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. दांडिया बाजारात, मराठीतून, या विषयावर बोलायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. तीस वर्षं मी बडोद्यात विशेष शिक्षिका म्हणून काम केलं. वर्गात गुजराती बोलले, अहवाल इंग्रजीत लिहिले, आणि शाळा सुटल्यावर फाटकापाशी उभं राहून आया-आज्यांशी मराठीत बोलले. मुलाबद्दल जे खरं कळायचं ते बहुतेक वेळा त्या फाटकापाशीच. ‘काल त्याने आपणहून चपला जागेवर ठेवल्या,’ असं एखादी आजी सहज सांगून जायची. अहवालात ते कुठेच नसायचं.

पालक पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा त्यांच्या हातात फाईल असते. बसायच्या आत सांगतात, ‘ताई, याचा चोपन्न आला.’ दहावीचा निकाल सांगावा तसा तो बुद्ध्यांकाचा आकडा सांगतात. मी फाईल नीट वाचते. आणि मग विचारते, ‘सकाळी दात कोण घासतं?’ आई बाबांकडे बघते, बाबा आईकडे. ‘मीच घासून देते, रिक्षा यायची घाई असते ना.’ मुलगा अकरा वर्षांचा असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी चाचण्यांच्या विरोधात बोलायला आलेली नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमों यांनी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली, ती शाळेत कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे शोधण्यासाठी. मुलांना कायमचा शिक्का मारायला नव्हे. बुद्धी ही वाढू न शकणारी ठरीव मात्रा आहे, या समजुतीला स्वतः बिने यांचा विरोध होता. पुढे आपल्याकडे डॉ. कामत यांनी ती श्रेणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. आणि यात आपल्या गावाचा मोठा वाटा आहे, तो इथल्या पुष्कळांना ठाऊक नसतो. डॉ. प्रमिला फाटक यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात तान्ह्या बाळांच्या विकासाची मोजपट्टी तयार केली. आज देशभरातले बालरोगतज्ज्ञ तिला ‘डासी’ म्हणतात. तिच्या मुळाशी बडोद्याच्या बाळांवर काढलेली मानकं आहेत. बाळ मान कधी धरतं, आधाराशिवाय कधी बसतं, दोन बोटांनी दाणा कधी उचलतं, हे परदेशातल्या आकड्यांवरून ठरवायचं सोडून त्यांनी इथल्या घरांतली बाळं पाहिली. हे मला फार मोठं काम वाटतं. मोजपट्टी आपल्या मातीतली असावी, हा आग्रह त्यामागे होता.

तर औपचारिक चाचणी हवीच. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. प्रमाणपत्र लागतं, दिव्यांगत्व निदान चाळीस टक्के असण्याची अट लागते, आणि ती बसली की सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. तो हक्क सोडू नका. ज्यांनी अजून अर्ज केला नसेल त्यांनी या आठवड्यात करा. पण ती चाचणी मूल आपल्या वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत कुठे आहे एवढंच सांगते. सोमवारी सकाळी वर्गात त्याला काय शिकवायचं, हे ती सांगत नाही. त्यासाठी त्याच्याजवळ बसावं लागतं.

भाषेपासून सुरुवात करते, कारण बडोद्याच्या मराठी घरांत ही अडचण रोजची आहे. सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या आधीच्या अहवालात लिहिलं होतं, डावं-उजवं कळत नाही. तपासणी गुजरातीतून झाली होती. मी त्याच्या आईसमोरच तोच प्रश्न तसाच विचारला, ‘जमणो हाथ ऊंचो कर.’ मुलाने चारी बोटं जुळवली आणि तोंडाशी नेली. जेवायची खूण. गुजरातीत ‘जमवुं’ म्हणजे जेवणं, ते शेजारच्या घरात तो रोज ऐकत होता. ‘जमणो’ म्हणजे उजवा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, घरात सगळे उजवा-डावाच म्हणायचे. मग त्याची आई हळूच म्हणाली, ‘बाळा, उजवा हात वर कर.’ त्याने केला. लगेच, न चुकता, दहातल्या दहा वेळा.

आता सांगा, अहवालातली नोंद खोटी होती का? खोटी नव्हती. त्या खोलीत, त्या भाषेत, त्याला ते आलं नव्हतं. पण त्या नोंदीवरून पुढच्या सहा महिन्यांची योजना आखली गेली. त्या योजनेत त्याला डावं-उजवं शिकवत बसले. त्याला जे येत होतं तेच शिकवत राहिले, आणि तो कंटाळून बाकाखाली जाऊन बसायला लागला. मग त्याच्या नावापुढे ‘वर्तनसमस्या’ लिहिली गेली. म्हणून मी प्रत्येक पालकाला विचारते, घरात कोणती भाषा, आजीची कोणती, खेळताना कोणती, रागावल्यावर कोणती. मुलं बरेचदा रागावल्यावरच सगळ्यात छान बोलतात. तेव्हाची वाक्यं लिहून आणा, असं मी सांगते.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सेरेब्रल पाल्सी असलेली नऊ वर्षांची मुलगी. कपडे घालणं या भागात ‘बटण लावते’ यासमोर मी ‘नाही’ लिहिलं. तिच्या बोटांत ताठरपणा होता, मला ते उघडच वाटलं. वर्ष संपताना तिच्या आईशी बोलता बोलता कळलं की त्या मुलीने आयुष्यात बटणाचा कपडा घातलाच नव्हता. सगळे फ्रॉक इलॅस्टिकचे आणि डोक्यावरून घालायचे. आईने प्रेमानेच शिवून घेतलेले. आम्ही मोठ्या बटणाचं एक जाकीट शिवलं, काजं जरा सैल ठेवली. अडीच महिन्यांनी ती खालची तीन बटणं स्वतः लावत होती. माझ्या एका ‘नाही’मुळे तिचं एक वर्ष गेलं.

त्या वेळी बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची कार्यात्मक तपासणी सूची आमच्या शाळेत नव्हती. पुढे ती हाती आली तेव्हा तिच्यातला एक रकाना बघून मी बराच वेळ थांबले. त्या सूचीत मूल एखादी गोष्ट करतं की नाही एवढंच लिहून भागत नाही. स्वतः करतं, खुणेने करतं, तोंडी सांगितलं की करतं, हात धरला की करतं, असे वेगवेगळे टप्पे आहेत. आणि या सगळ्यांबरोबर एक वेगळी नोंद आहे: संधीच मिळालेली नाही. मला विचाराल तर आपल्या कामातला हा सगळ्यात प्रामाणिक रकाना आहे. माझ्या अनुभवात आपल्या घरांतल्या मुलांच्या याद्यांत तोच सगळ्यात जास्त भरायला हवा असतो, आणि तोच रिकामा राहतो. गॅसजवळ जाऊ दिलेलं नाही. एकट्याने जिना उतरू दिलेला नाही. खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाल्याच्या हातात पैसे देऊ दिलेले नाहीत. आणि कागदावर काय, तर ‘जमत नाही’.

मी आयांना दोष देत नाही. सकाळची साडेसहाची रिक्षा, सासू-सासऱ्यांची औषधं, नवऱ्याचा डबा, यात मुलाला स्वतः बुटाची नाडी बांधू द्यायची म्हणजे सात मिनिटं. ती सात मिनिटं कुठून आणायची? म्हणून मी म्हणते, सगळ्या गोष्टी सगळ्या दिवशी नकोत. रविवारी एक गोष्ट निवडा.

ती कशी बघायची, तेही सांगते. दूध तापवणं घ्या. आपल्याला ते एक काम वाटतं, पण त्यात निदान नऊ कामं आहेत. पातेलं काढणं, ते ओलं असेल तर पुसणं, पिशवीचा कोपरा कापणं, न सांडता ओतणं, पातेलं शेगडीवर मधोमध ठेवणं, गॅस पेटवणं, आच कमी करणं, लक्ष ठेवणं, दूध वर यायला लागलं की बंद करणं. शिक्षिकांना हे नवीन नाही, कार्यविश्लेषण म्हणून बी.एड.ला पाठ केलेलं असतं. पण घरी कागदावर नऊ ओळी लिहून बघा. प्रत्येक ओळीपुढे मुलाला केवढी मदत लागली तेवढंच लिहा: हात धरावा लागला, बोलून सांगावं लागलं, नजरेने किंवा बोटाने दाखवलं, की काहीच लागलं नाही. आठवड्यातून एकदा. चार आठवड्यांनी तो कागद बघितला की शिकवायचं काय ते तुम्हाला आपोआप दिसतं. ज्या ओळीत ‘हात धरून’चं ‘बोलून’ झालं आहे, तिथे मूल पुढे सरकतंय. जिथे चारही वेळा ‘हात धरून’ आहे, तिथे आपली पायरी फार उंच आहे. ती अजून बारीक करायला हवी.

विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी हेच धरून ठेवलं होतं: मूल एकटं काय करतं त्यापेक्षा थोड्या मदतीने काय करू शकतं तिकडे बघा, कारण उद्या ते तेच एकटं करणार असतं. चाचणीच्या खोलीत परीक्षकाला मदत करायला मनाई असते आणि ते बरोबरच आहे, नाहीतर तुलना कशी होणार? तुम्हाला-आम्हाला ती मनाई नाही. आपण मदत करू शकतो, आणि केवढी केली ते मोजू शकतो.

निरीक्षणाबद्दल बोलते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या कागदावर ‘एकाग्रता दोन ते तीन मिनिटं’ असं होतं. वर्गात ते खरंही होतं. उत्तरायणाला त्यांच्या गच्चीवर गेले होते. हा मुलगा फिरकी धरून उभा होता. सकाळी नऊपासून. काका ‘ढील दे’ म्हणाला की फिरकी सैल, पतंग कापला गेला की लगेच दोरा गुंडाळायला सुरुवात, आणि शेजारच्या गच्चीवर आरडाओरडा झाला तरी नजर आपल्या पतंगावर. मी घड्याळ लावलं. बेचाळीस मिनिटं तो तिथून हलला नाही, मग तहान लागली म्हणून गेला आणि पाणी पिऊन परत आला. त्या बेचाळीस मिनिटांत मला काय काय दिसलं! तो तोंडी सूचना पाळतो. दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळं काम करतात. आपली पाळी येईपर्यंत थांबतो. वर बघताना त्याची मान डावीकडे कलते, म्हणजे डोळे तपासायला हवेत. हे शेवटचं मी लगेच आईला सांगितलं, आणि त्याला चष्मा लागला. वर्गात फळ्याकडे दोन मिनिटांच्या वर न बघण्याचं एक कारण तेही होतं.

म्हणून शिक्षिकांना मी हात जोडून सांगते, कान आणि डोळे आधी तपासून घ्या. ऐकू न येणाऱ्या मुलाला हट्टी म्हणणं यासारखा अन्याय नाही, आणि मी तो होताना पाहिला आहे.

आता वह्यांकडे वळते. चुकीच्या उत्तराला आपण लाल फुली मारतो आणि पुढे जातो. पण मूल कसा विचार करतं ते चुकीच्या उत्तरातच सगळ्यात स्वच्छ दिसतं. बेचाळीसमधून सतरा वजा केले आणि मुलाने पस्तीस लिहिले. याला वजाबाकी येत नाही, असं आपण म्हणतो. नीट बघा. त्याने सातातून दोन वजा केले आणि चारातून एक. प्रत्येक वेळी मोठ्यातून लहान. म्हणजे वजाबाकी येते, हातचा घेण्याची वेळ कधी येते ते कळलेलं नाही. पाच गणितं घाला, पाचही तशीच चुकली तर त्याचा एक नियम आहे, फक्त तो नियम चुकीचा आहे. पाच गणितं पाच तऱ्हांनी चुकली तर गोष्ट वेगळी, मग मागे जावं लागतं.

आकडे लिहिण्याची एक चूक खास आपल्या भाषांची आहे. ‘पंचवीस’ म्हटलं की मूल ५२ लिहितं. का? ‘पंच’ आधी ऐकू आलं, ‘वीस’ नंतर. कानाने जसं सांगितलं तसं हाताने लिहिलं. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. गुजरातीतही तसंच. आणि ‘एकोणतीस’ तर अवघडच, त्यात ‘तीस’ ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. पुष्कळ मुलं तिथे ३९ लिहितात. ही चूक दिसली की घाबरून अध्ययन अक्षमतेचं नाव घेऊ नका. काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधा, दहाच्या नोटा आणि सुटी नाणी घ्या, महिनाभर रोज दहा मिनिटं. महिन्याने गेली तर गेली. नाही गेली, आणि वाचनातही अडचण असेल, तर ती वही घेऊन तज्ज्ञाकडे जा. नुसतं मूल नेऊ नका, वही पण न्या. तारखेसकट.

लिपीचंही तेच. आमच्या घरांत आजी देवनागरी शिकवते, शाळा गुजराती शिकवते. गुजरातीत डोक्यावर रेघ नाही. शिवाय गुजराती पाचचा आकडा आणि ‘प’ हे अक्षर जवळजवळ जुळे भाऊ. दोन्ही लिप्या एकदम शिकणारं मूल यात गोंधळलं तर त्यात नवल नाही. गोंधळ कोणत्या अक्षरांचा आहे त्याची यादी करा. नेहमी त्याच पाच-सहा अक्षरांचा असेल तर काम सोपं आहे.

वाचनासाठी एक साधी रीत सांगते. मुलाच्या पुस्तकातले शंभर शब्द मोजून घ्या. त्याला मोठ्याने वाचू द्या, मध्ये दुरुस्त करू नका, आणि तुमच्या प्रतीवर चुकलेल्या शब्दावर खूण करा. दहापेक्षा जास्त चुका आल्या तर तो मजकूर त्याच्यासाठी जड आहे, एक इयत्ता खालचा घ्या. हे प्रमाण इंग्रजी वाचनावरून आलेलं आहे, आपल्या जोडाक्षरांना आणि वेलांट्यांना ते तंतोतंत लागू नाही, म्हणून त्याला कायदा समजू नका. पण ‘चौथीत आहे म्हणून चौथीचंच वाचलं पाहिजे’ या हट्टापेक्षा ते कितीतरी बरं.

वागण्याबद्दल थोडक्यात. एक मुलगा रोज वही फाडायचा. त्याच्या वर्गाच्या बेनने, म्हणजे शिक्षिकेने, मला सांगितलं, ‘अचानक फाडतो, काही कारणच नाही.’ मी त्यांना तीन रकाने आखून दिले: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग काय झालं. दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. अकराच्या अकरा वेळा आधी मोठ्याने वाचायला सांगितलं होतं, आणि अकराच्या अकरा वेळा नंतर त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्याला बाहेरच जायचं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, आणि सगळ्यांसमोर ते दिसू द्यायचं नव्हतं. इतकं शहाणपणाचं वागणं आपण ‘कारणाशिवाय’ म्हणत होतो. वाचन एकट्याने, कोपऱ्यात, माझ्याजवळ ठेवलं. वही फाटणं थांबलं.

अनौपचारिक म्हणजे ढिसाळ, असं कृपा करून समजू नका. मला ही भीती वाटते, कारण मी तसं होताना बघते. ‘आम्ही निरीक्षण करतोच की,’ असं म्हणतात आणि कुठे एक ओळ लिहिलेली नसते. मग वर्षअखेरीला आठवणीतून अहवाल तयार होतो, ‘प्रगती समाधानकारक’. आठवण फसवते. ज्या मुलाचा आपल्याला लळा आहे त्याचं चांगलं आठवतं, जो त्रास देतो त्याचं वाईट. तारीख, वेळ, जागा आणि मुलाने प्रत्यक्ष काय केलं. ‘आळशी’ हा शब्द नको, ‘तीनदा सांगितल्यावर उठला’ असं लिहा. ‘हुशार’ नको, ‘नऊ तुकड्यांचं कोडं कुणाच्या मदतीशिवाय जुळवलं’ असं लिहा. आणि शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळं लिहावं, आईने एक आणि आजोबांनी एक. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर भांडू नका. मूल आजोबांजवळ वेगळं वागतं, हीसुद्धा एक नोंद आहे.

या गावात सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. १८९३ मध्ये अमरेली भागात सुरुवात झाली, पुढे १९०६ पासून तो सगळ्या संस्थानात गेला. त्या वेळी प्रश्न होता की प्रत्येक मूल शाळेत आलं का. आमच्या मुलांच्या बाबतीत पुढचा प्रश्न अजून बाकी आहे. ते शाळेत आलं, हजेरीपटावर नाव आहे, बाकावर बसलं आहे. पण त्याला काय येतं हे वर्गातल्या एका तरी माणसाला माहीत आहे का? मी अशा मुलांना भेटले आहे जी सहावीपर्यंत गेली आणि ज्यांच्याबद्दल एकाही शिक्षकाला पाच वाक्यं सांगता आली नाहीत. याचा मला अजून राग येतो.

शेवटी एक वही दाखवते. सुरुवातीला ज्यांचं बोलले, अकरा वर्षांच्या मुलाचे दात घासून देणाऱ्या, त्या आईंची ही वही. त्यांनी परवानगी दिली म्हणून आणली. पहिल्या पानावर दात घासणं आहे, आठ ओळी, सगळीकडे ‘हात धरून’. पाचव्या पानापर्यंत त्यातल्या सहा ओळींपुढे ‘स्वतः’ झालं. मग नाडी आहे, ती त्यांनी सोडून दिली आणि वेल्क्रोचे बूट घेतले, ते मला पटलं. मग दूध सुरू होतं. गेल्या महिन्यातली नोंद वाचते.

‘१८ तारीख, संध्याकाळ. मी गॅलरीत कपडे काढत होते. दूध शेगडीवर ठेवलेलं विसरले. आत आले तर गॅस बंद होता. कुणी बंद केला विचारलं. मी म्हणाला. कुणी सांगितलं विचारलं. दूध वर आलं म्हणाला.’

त्याच्या खाली त्यांनी पुढची ओळ आखून ठेवली आहे, ‘गॅस पेटवणे’. तिच्यासमोर पेन्सिलने लिहिलंय, ‘संधी दिली नाही. रविवारपासून.’